नातू आपला, सीट परक्याची



आपल्याकडे नातवाचा जन्म अमेरिकेत झाला की पेढे दोनदा वाटतात. एकदा बाळ झाले म्हणून, आणि दुसऱ्यांदा, आवाज जरा खाली आणून, “तो तिकडचा सिटिझन आहे हं” म्हणून. या दुसऱ्या पेढ्याबद्दल मला आज भांडायचे आहे. थोडे तुमच्याशी, जास्त सरकारशी.

आता तीच मुले परत येत आहेत. मुलगा-सून भारतीय पासपोर्टवर गेले होते, त्याच पासपोर्टवर आले. ग्रीन कार्ड असले तरी नागरिकत्व इथलेच राहते, त्यांची काळजी नाही. बाळ मात्र कायद्याने परदेशी. त्याच्याकडे असते ओसीआय कार्ड. त्या नावात ‘सिटिझन’ हा शब्द आहे आणि सगळा घोटाळा त्या शब्दाने केला आहे. ओसीआय म्हणजे जन्मभराचा व्हिसा, नागरिकत्व नव्हे. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाहीच. ओसीआयवाल्याला मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. जमिनीचे मला फार वाटत नाही. आजोबांची असेल ती वारसाने मिळते.

मला वाटते ते शिक्षणाचे. ४ मार्च २०२१ ला केंद्र सरकारने अधिसूचना काढली. नीट, जेईई या परीक्षा ओसीआय मुलांनी द्याव्यात, पण प्रवेश एनआरआय किंवा जादा जागेवर घ्यावा. भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या सीटवर त्यांचा हक्क नाही. हे आपण लातूर जिल्ह्यातल्या बायकांनी नीट ऐकायला हवे. अख्खा महाराष्ट्र मुलांना घेऊन नीटसाठी लातूरला येऊन राहतो. आणि शिरूर अनंतपाळच्या शाळेत शिकलेला, ज्वारीची भाकरी खाऊन वाढलेला आपला नातू त्याच वर्गात बसून, तेवढेच मार्क मिळवून, बाहेरचा ठरणार. एनआरआय सीटची फी तुम्हाला ठाऊक आहे. पगारदार बाप कुठून आणणार?

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३ फेब्रुवारी २०२३ च्या निकालाने अधिसूचनेआधी जन्मलेल्या मुलांचा जुना हक्क राखला. त्यानंतर जन्मलेल्यांना मात्र नियम लागू. कारण काय, तर त्यांच्या आई-बापांना निवड करायची संधी होती: मुलाला वंशाने भारतीय करायचे की परदेशी ठेवायचे.

निवड! मी बी.कॉम. झालेली बाई, मला नावे आणि जमा दोन्ही बाजू बघायची सवय आहे. भारतीय करायचे तर जन्मापासून एका वर्षात वकिलातीत नोंद हवी, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून द्यायचे. तिकडे अमेरिकेचा कायदा म्हणतो, इथे जन्मलेल्याने आमच्याच पासपोर्टवर देशाबाहेर जायचे-यायचे. मग आजीला बाळ दाखवायला आणायचे कसे? नंतर सोडू म्हणाल, तर अमेरिकेचे नागरिकत्व आई-बाप मुलाच्या वतीने सोडू शकत नाहीत. दोन्हीकडून दार लावायचे आणि वर म्हणायचे, तुम्हीच आत बसलात.

उलट बाजूही मला कळते. इथल्या गरिबाच्या मुलाची सीट परदेशात राहणाऱ्या श्रीमंताने का घ्यावी? बरोबरच आहे, घेऊ नये. परदेशात वाढून फक्त डॉक्टर व्हायला येणाऱ्याला एनआरआयच म्हणा. पण ज्याचे आई-बाप दोघेही भारतीय नागरिक आहेत, इथे कर भरतात, आणि ज्याची दहावी-बारावी इथे झाली, तो अनिवासी कसा? एनआरआयमधल्या ‘एन’चा अर्थच ‘इथे न राहणारा’. शाळेच्या दाखल्यावर वर्षे लिहिलेली असतात, ती मोजा. पासपोर्टचे मुखपृष्ठ कशाला बघता?

२०२१ मध्ये जन्मलेली मुले बारावीला पोचतील २०३९ च्या आसपास. नियम बदलून घ्यायला वेळ आहे, पण आपण गप्प बसतो. सूनबाईला फोनवर बाळाचे वजन विचारतो, कागद विचारत नाही. “तो पुरुषांचा विषय” म्हणतो. फॉर्मवर आईची सहीसुद्धा लागते, बरं का.

ज्यांच्या घरी यंदा परदेशात बाळ होणार आहे, त्यांनी बारशाआधी मुलाला आणि सुनेला समोर बसवून विचारा: परत येणार का, आणि केव्हा? येणार असाल तर ते एक वर्ष मोजायला लागा. वर्ष उलटले की नोंदीला केंद्र सरकारची परवानगी लागते. आणि महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी खासदारांना द्यायचे निवेदन आणते आहे. मागणी एकच: आई-बाप भारतीय नागरिक आणि शाळा इथली, तर सीट इथली. सह्या करायला या, सुनांनाही घेऊन या.