माळीकाम, हिवाळा आणि सरकारी हिशेब

सुट्टीवर पुण्याला आलो की कुणीतरी हटकून म्हणतंच, "तुमच्या तिकडे बरं आहे, काम नसलं तरी सरकार पोसतं." ब्रिटनमध्ये पोसतं, नाही असं नाही. (आम्हा वर्क व्हिसावाल्यांना नाही बरं का! सरकारी मदतीवर हक्क नाही, असा स्पष्ट शेराच असतो. कर मात्र पूर्ण.) पण ज्यांना मदत मिळते त्यांच्यातही नोकरदारांना एक तराजू आणि स्वतःचा धंदा करणाऱ्यांना दुसरा. हा दुसरा मला साफ खोटा वाटतो.

२०१३ पासून इथे 'युनिव्हर्सल क्रेडिट' नावाची योजना आहे. घरभाडं, मुलंबाळं पाहून महिन्याची मदत ठरते आणि कमाईच्या दर पौंडामागे ५५ पेन्स त्यातून कापतात. मुलं असतील तर थोडी कमाई आधी सोडून देतात. नोकरदाराचा पगार सरकारला परस्पर कळतो. धंदेवाल्याने दर महिन्याची जमा आणि खर्च स्वतः कळवायचा. इथवर ठीक.

गोची पुढे आहे. धंदा हाच तुमचा मुख्य व्यवसाय असं एकदा ठरलं की पहिलं एक वर्ष खरी कमाई धरतात. त्यानंतर 'मिनिमम इन्कम फ्लोअर' लागू होतो. म्हणजे काय, तर तुम्ही किमान वेतनावर आठवड्याला साधारणपणे ३५ तास काम केल्याइतके पैसे मिळवलेच असं सरकार गृहीत धरतं. त्याहून कमी मिळाले तरी हिशेबात तेवढेच. जास्त मिळाले तर मात्र खरा आकडा! एप्रिल २०२५ च्या दराने (तासाला १२ पौंड २१ पेन्स) ही रक्कम महिन्याला सुमारे १८५० पौंड, कर वजा जाता १६४० च्या आसपास.

आता एक माळी घ्या. घरी बायको तान्हं मूल सांभाळते, भाड्याचं घर. उन्हाळ्याचे सहा महिने सगळं वजा जाता हातात २८४० पौंड, हिवाळ्याचे सहा महिने ४४०. सरासरी बरोबर १६४०. शेजारच्या नोकरदाराला दर महिन्याला १६४०च मिळतात. दोघांची वर्षाची कमाई सारखी, पण माळ्याच्या हिवाळ्यात न मिळालेले १२०० पौंड मिळाले असं धरलं जातं आणि उन्हाळ्यातले जास्तीचे १२०० तर मोजले जातातच. सहा महिने, दरमहा ६६० पौंड; वर्षाला ३९६० पौंड कमी मदत. आम्हा सिग्नलवाल्यांना हे लगेच ओळखू येतं: आधी काटछाट करून मग सरासरी काढली की उत्तर चुकतं. आधी सरासरी काढावी.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. वर्षानुवर्षं महिन्याला पन्नास पौंडांचा 'धंदा' दाखवून पूर्ण मदत घेणारा करदात्यांनी का पोसावा? रास्त आहे. पण त्याला पकडायला वर्षाचा हिशेबही पुरतो. तो महिन्याचाच का हवा? आपल्याकडे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखलासुद्धा वर्षाचं उत्पन्न सांगतो (तो आकडा कितपत खरा असतो, ते सोडा!). इथेही एप्रिल २०२५ मध्ये बंद झालेली जुनी 'टॅक्स क्रेडिट' योजना वर्षाचीच कमाई बघायची.

गंमत म्हणजे, तुमचा धंदा 'खरा धंदा' नाही असं ठरलं तर फ्लोअर लागत नाही, खरी कमाई धरतात. फक्त दुसरी नोकरी शोधावी लागते. म्हणजे नेटाने धंदा करणाऱ्यालाच हा फास.

कोविडमध्ये मार्च २०२० पासून जुलै २०२१ पर्यंत सरकारने हा नियम बाजूला ठेवला होता, कारण काम नसणं हा धंदेवाल्याचा दोष नव्हता. जानेवारीत गवत वाढत नाही, यात तरी माळ्याचा काय दोष? फ्लोअर ठेवायचा तर ठेवा, पण बारा महिन्यांच्या सरासरीला लावा. त्याचा वार्षिक कर-विवरणाचा कागद तसाही दरवर्षी सरकारकडे जातोच.