शोधनिबंध विकत मिळतो, किंमत पेशंट मोजतो

"डॉक्टर, हे इंटरनॅशनल जर्नलमध्ये छापून आलंय." मोबाईल पुढे करत हे वाक्य ओपीडीत मला वरचेवर ऐकवलं जातं. कधी ते शुगर कायमची घालवणाऱ्या चूर्णाबद्दल असतं, कधी गुडघ्याला लावायच्या तेलाबद्दल. जर्नलमध्ये आलं म्हणजे कोणीतरी जाणकाराने तपासलं असणार, असं पेशंटला वाटतं. त्यात त्याचं काही चुकत नाही. तपासणं हेच तर जर्नलचं काम. माझा राग आहे तो न तपासता छापणाऱ्यांवर, आणि त्यांना पोसणाऱ्या व्यवस्थेवर.

जर्नलची जबाबदारी काय असते?

एखादा डॉक्टर अभ्यास करतो आणि तो लिहून जर्नलकडे पाठवतो. संपादकाने तो त्या विषयातल्या, लेखकाशी हितसंबंध नसलेल्या तज्ज्ञांना दाखवायचा असतो. पेशंट किती होते, त्यांची संमती घेतली का, एथिक्स कमिटीची परवानगी होती का, आकडे जुळतात का, खर्च औषध कंपनीने केला का, हे सगळं बघायचं असतं. याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. छापल्यावर गफलत उघड झाली, तर निबंध जाहीरपणे मागे घ्यायचा, हीसुद्धा जर्नलचीच जबाबदारी. या कामाला वेळ लागतो, अनेकदा काही महिने.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा

आता दुसरा प्रकार पाहा. नावात 'इंटरनॅशनल', 'ग्लोबल', 'ॲडव्हान्स्ड' असे शब्द. चार दिवसांत निबंध मंजूर, मग फीचं बिल. तपासणी शून्य.

२०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने एक परीक्षा घेतली. कॅन्सरवरच्या औषधाचा खोटा, ढोबळ चुकांनी भरलेला निबंध त्याने ३०४ जर्नल्सना पाठवला. १५७ जर्नल्सनी तो स्वीकारला. त्यांत भारतातल्या जर्नल्सचा भरणा मोठा होता.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण तर याहून बोलकं आहे. प्राध्यापकांच्या बढतीसाठी कोणती जर्नल्स ग्राह्य धरायची, याची यादी युजीसीने २०१७ मध्ये जाहीर केली. त्यातला एक मोठा भाग विद्यापीठांनीच सुचवलेला होता. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्या भागातली १,००९ जर्नल्स तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. कुणाचा पत्ता नाही, कुणाच्या संपादकाचं नाव नाही, कुणाचा नोंदणी क्रमांक चुकीचा. हा अभ्यास २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात युजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढली. विद्यापीठांनीच अशी नावं सुचवावीत, याला कुंपणाने शेत खाणं म्हणतात.

वैद्यकीय शिक्षणात वेगळं काय होतं? मेडिकल कॉलेजच्या शिक्षकाला बढतीसाठी ठरावीक संख्येने निबंध लागतात. २०१५ मध्ये मेडिकल कौन्सिलने ग्राह्य सूचींमध्ये इंडेक्स कोपर्निकस या सूचीलाही स्थान दिलं. तिच्या दर्जाबद्दल संपादकांनी तेव्हाच आक्षेप घेतला, तरी ती वगळायला २०२० उजाडलं. सकाळी शंभर पेशंटची ओपीडी, दुपारी लेक्चर, रात्री इमर्जन्सी, आणि वर "निबंध आणा". ज्या शिक्षकाला संशोधनासाठी वेळ, पैसा, मदतनीस काहीच मिळत नाही, तो निबंध आणणार कुठून? मागणी तयार केली की दुकानं उघडतातच.

"पण असली जर्नल्स वाचतो कोण?"

काही सहकारी म्हणतात, हा कचरा कुणी वाचत नाही, मग नुकसान कसलं? हे मला मान्य नाही. कोविडमधलं आयव्हरमेक्टिन आठवा. १० मे २०२१ रोजी गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना ही गोळी पाच दिवस देण्याचं जाहीर केलं. त्या काळात या गोळीच्या बाजूने अनेक अभ्यासांची बेरीज करून काढलेले निष्कर्ष जगभर फिरत होते. त्या बेरजेत इजिप्तमधल्या एका अभ्यासाचं वजन मोठं होतं. तो कुठल्याही जर्नलने न तपासता इंटरनेटवर ठेवलेला होता. लंडनमधल्या एका मेडिकल विद्यार्थ्याने त्याचे आकडे तपासले आणि त्यातल्या विसंगती उघड झाल्या. जुलैमध्ये अभ्यास काढून टाकला गेला. तोवर तो धरून केलेली एक बेरीज एका नावाजलेल्या जर्नलने छापलीही होती. तीही पुढे मागे घ्यावी लागली. शंकास्पद अभ्यास वगळल्यावर जीव वाचवण्याचा फायदा उरला नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमधूनही ही गोळी गेली.

सांगायचा मुद्दा हा, की खोटा आकडा एकटा पडून राहत नाही. तो चांगल्या अभ्यासांच्या बेरजेत शिरतो, तिथून प्रिस्क्रिप्शनवर येतो. शिक्का मारून विकलेली नकली सोलापुरी चादर दोन धुण्यांत ओळखू येते. खोटा निबंध ओळखू येईपर्यंत गोळ्या पोटात गेलेल्या असतात.

मोठी जर्नल्सही धुतल्या तांदळासारखी नाहीत. गोवराची लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा निबंध मागे घ्यायला 'लॅन्सेट'ला १२ वर्षं लागली. त्याच 'लॅन्सेट'ने २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा एक संशयास्पद निबंध १३ दिवसांत मागे घेतला. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

काय व्हायला हवं?

बढतीसाठी निबंध मोजणं बंद करा. ज्याला शिकवायचं आहे त्याला शिकवण्यावर, पेशंट बघणाऱ्याला त्या कामावर बढती द्या. संशोधन करणाऱ्याचे दोनच निबंध बघा, पण नीट वाचून बघा. मागे घेतलेला निबंध कशामुळे मागे घेतला, हे जर्नलने साध्या शब्दांत छापावं. फी घेऊन न तपासता छापणाऱ्यांवर ग्राहकांच्या फसवणुकीची कारवाई व्हावी. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशकाला अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली. आपल्या घरचा प्रकाशक, आणि कारवाई परदेशात!

प्रामाणिक काम इथेही होतं. 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' १९९३ पासून मुंबईतून निघतं आणि कुणालाही मोफत वाचता येतं.

तुम्ही एवढं करा

"जर्नलमध्ये आलंय" असं कुणी म्हणालं, की चार प्रश्न विचारा. जर्नलचं नाव काय? अभ्यास माणसांवर झाला की उंदरांवर? किती माणसांवर? पैसे कुणी दिले? निबंधाचं नाव आणि त्यापुढे 'रिट्रॅक्टेड' हा शब्द टाकून गुगलवर शोधा. आणि त्या मेसेजच्या भरवशावर चालू असलेली शुगरची, बीपीची गोळी बंद करू नका. तो मेसेज तुमच्या डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर वैतागले, तरी दाखवा. छापणाऱ्याने तपासलं नसेल, तर कोणीतरी तपासायलाच हवं.