कागदावरचे पाणी

परवा शेजारची मुलगी घरी आली. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "काका, पर्यावरणाचा प्रकल्प द्यायचाय. तुम्ही लेखक, पाण्यावर आठ-दहा पानं सहज लिहून द्याल."

"कुठलं पाणी?" मी विचारले.

"कुठलंही चालतं. सर पानंच मोजतात."

आधी हसू आले, मग अस्वस्थ वाटले. कारण या प्रकल्पामागे मोठा इतिहास आहे. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याची दिशा दिली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. शंभरपैकी २५ गुण प्रत्यक्ष क्षेत्रभेटीला ठेवले. मुलांनी ओढा, टेकडी, शेत डोळ्यांनी पाहावे, हा हेतू. ती वही आता बहुधा इंटरनेटवरून उतरते.

घोषणांना मात्र तोटा नाही. १९९० साली फ्रान्समधील तालुआर येथे २२ विद्यापीठप्रमुखांनी शाश्वत विकासाचा जाहीरनामा काढला. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी १७ उद्दिष्टे ठरवली, मुदत २०३०. २०१९ पासून तर या उद्दिष्टांवर विद्यापीठांची जागतिक क्रमवारीही लागते.

पण मुलीला काय म्हणून बोल लावू? मीही तेच केले आहे. १९८९ साली बँकांत सेवाक्षेत्र योजना आली. प्रत्येक ग्रामीण शाखेला १५ ते २५ गावे वाटून दिली गेली. आधी गावाची पाहणी, मग कर्जाचा आराखडा. मी शेतीकर्जे पाहत असे. चार-सहा गावे फिरलो, उरलेल्यांचे रकाने सरपंचांच्या ओट्यावर चहा घेता घेता भरले. 'पाणी पुरेसे.' या दोन शब्दांवर एका शेतकऱ्याला विहिरीचे कर्ज मंजूर झाले. साठ फुटांवर कोरडा खडक लागला. हप्ते थकले, नोटिसा माझ्याच सहीने गेल्या. शेवटी त्यांनी अडीच एकर विकले. "साहेब, तुमच्या कागदावर पाणी होतं," एवढेच ते म्हणाले.

आपल्याकडे ज्ञान नाही असे नाही. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे. राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत. उणीव आहे ती एकेका गावाच्या आकड्याची. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ती स्वतःच भरून काढली. तिथे गावकरी पाऊस आणि विहिरी मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिके ठरवतात. जमेपेक्षा खर्च जास्त करायचा नाही. शाश्वत विकासाची याहून सोपी व्याख्या मला तरी माहीत नाही.

मग प्रत्येक महाविद्यालयाला पाच गावे का वाटून देऊ नयेत? राज्याची भूजल यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. विद्यार्थ्यांनी त्याच महिन्यांत आपल्या गावांतल्या ठरलेल्या विहिरी मोजाव्यात. रसायनशास्त्राच्या मुलांनी पाणी तपासावे, वाणिज्यच्या मुलांनी हिशेब मांडावा आणि वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. दहा वर्षांची अशी वही असती, तर माझी सही थांबली असती.

तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक हे कधी करणार, हा प्रश्न खरा आहे. त्यांना या कामाचा मोबदला मिळालाच पाहिजे. पण २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक मिळू लागले आहेत. जागा आहे, ती पुन्हा उतरवलेल्या पानांनी भरू नये.

त्या मुलीला मी पाने दिली नाहीत. मोजपट्टी आणि दोरी दिली. आमच्या सोसायटीमागे एक जुनी विहीर आहे. रविवारी ती भावाला बरोबर घेऊन मोजून आली. "एकवीस फुटांवर पाणी आहे, काका. पण हे एकच वाक्य झालं. बाकीची पानं?"

"पुढच्या महिन्यात पुन्हा मोज," मी म्हणालो.