रिसीव्हरची भाषा कोणती?

मिळकतीचा दावा दीर्घकाळ चालणार असेल आणि ताब्यातील पक्ष तिचे स्वरूप पालटत असेल, तर न्यायालय तिच्यावर रिसीव्हर नेमू शकते. रिसीव्हर मालक नसतो. तो मिळकत सांभाळतो, हिशेब ठेवतो आणि न्यायालयाच्या आदेशानुसार ती हक्कदाराच्या हाती सोपवतो. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत सीमाभाग केंद्रशासित करावा, या मागणीचा कायदेशीर आशय आम्हांस याहून निराळा वाटत नाही.

असे तात्पुरते तटस्थ शासन ही काही कविकल्पना नव्हे. शेजारच्या गोव्याचेच पाहा. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलापूर्वी विलीनीकरणवादी मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले आणि कौल राष्ट्रपती राजवटीखाली घेण्यात आला. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१, तर विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. हा निकाल आमच्यापैकी अनेकांच्या वडीलधाऱ्यांना जिव्हारी लागला. तथापि वादातील पक्षाने मोजणीच्या वेळी तराजू हाती धरू नये, हे तत्त्व तेथे पाळले गेले.

याच तत्त्वाचा सर्वांत मोठा प्रयोग पूर्व तिमोरमध्ये झाला. ३० ऑगस्ट १९९९ रोजी तेथील सुमारे ७८ टक्के मतदारांनी इंडोनेशियापासून वेगळे होण्याच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर हिंसाचार उसळला आणि २५ ऑक्टोबर रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १२७२ अन्वये कायदे करणे, कारभार चालवणे व न्याय देणे हे तिन्ही अधिकार संयुक्त राष्ट्रांच्या संक्रमणकालीन प्रशासनाकडे दिले. सर्जिओ व्हिएरा दि मेलो त्याचे प्रमुख होते. २० मे २००२ रोजी सत्ता स्वतंत्र देशाच्या हाती देऊन ते प्रशासन संपले. रिसीव्हरने मिळकत सोपवली!

मात्र या प्रशासनाचे विनियम इंग्रजी, पोर्तुगीज व इंडोनेशियन भाषांत निघत. तेतुम या लोकभाषेत गरजेनुसार भाषांतर मिळे, आणि मतभेद झाल्यास इंग्रजी पाठ प्रमाण ठरे. म्हणजे राज्यकर्ता तटस्थ होता, पण त्याचा कागद लोकांना परकाच राहिला. तेतुमला राजभाषेचा दर्जा मिळाला तो पुढे, देशाच्या स्वतःच्या संविधानात, पोर्तुगीजच्या जोडीने.

तुलनेची मर्यादाही आम्ही जाणतो. आम्हांस वेगळा देश नको. आमचा वाद एकाच प्रजासत्ताकाच्या दोन राज्यांमधील आहे, आणि राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद ३ नुसार संसदेचा आहे. कन्नड भाषेशीही आमचे वैर नाही. तिमोरचा धडा इतकाच, की केंद्रशासन म्हणजे मराठी शासन नव्हे. उद्या दिल्लीचा अधिकारी आला आणि नोटिसा हिंदी-इंग्रजीत निघू लागल्या, तर खासबागेतील वृद्ध पक्षकार आज कन्नड नोटीस घेऊन आमच्या दारी येतो, तसाच उद्याही येईल. फरक पडेल तो लिपीचा.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, केंद्रशासनाच्या प्रत्येक निवेदनात भाषेचे कलम पहिले असावे : नोटिसा, उतारे व अर्जाचे नमुने मराठीतही मिळावेत आणि मराठी पाठास प्रमाण मानावे.

तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. अनुच्छेद ३५० अन्वये गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे देण्याचा हक्क प्रत्येकास आहे. हा हक्क निकालाची वाट पाहत नाही. निपाणीपासून खानापूरपर्यंत आपण आपली गाऱ्हाणी मराठीतच लिहावीत, पोच घ्यावी, प्रत जपून ठेवावी. हक्क वापरात असला म्हणजे तो सिद्ध करणे सोपे जाते, हे वकिलीत आम्ही वारंवार पाहिले आहे.