दप्तर उघडण्यापूर्वी

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्या घरून फराळाचे एक खोके अमेरिकेला रवाना होते. गेल्या वर्षी खोक्याबरोबर मीही गेले. न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन गावी माझी लेक राहते. गाव अमेरिकेतले खरे. पण तिथल्या ओक ट्री रोडवर साड्यांपासून पणत्यांपर्यंत सारे काही मिळते. "आई, इतक्या चकल्या तुम्ही वाहून कशाला आणल्यात? इथं ढीगभर मिळतात," असे जावईबापू म्हणाले आणि एका बैठकीत त्यांतल्या अकरा संपवून मोकळे झाले.

माझी नात चौदा वर्षांची. तिकडच्या हायस्कुलात नुकतीच गेलेली, म्हणजे नववीत. एके सकाळी ती शाळेला निघाली असता मी मायेने चकल्यांचा लहानसा डबा तिच्या दप्तरात सारायला गेले. चेन उघडून हात आत घातला मात्र, तोच जिन्यावरून आवाज आला, "आजी, माझ्या बॅगेत न विचारता हात नको ना घालूस!"

बोलणे उर्मट नव्हते. पण मला लागले. हिला न्हाऊमाखू घातले मी, आणि आता हिचे दप्तर मला परके? शिवाय चौतीस वर्षे मी शाळेत शिकवले आहे. पोरींची किती दप्तरे उपसली त्याची गणती नाही. कोणी ब्र काढला नव्हता. मी डबा टेबलावर ठेवला आणि दिवसभर गप्प राहिले. घरातल्या वडील बाईचे गप्प राहणे म्हणजे काय असते, हे वाचकांना सांगायला नको.

संध्याकाळी नात स्वतः जवळ येऊन बसली. "आजी, रागावलीस? अगं, आम्हाला शाळेत एक केस शिकवलीय. ती शेजारच्याच गावातली आहे." आणि तिने जे सांगितले ते ऐकता ऐकता माझा राग कुठल्या कुठे गेला, पण त्या जागी दुसरेच काहीतरी येऊन बसले.

आधी एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' म्हटले की टाय, बूट आणि भरमसाट फी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, गावातल्या सर्व मुलांना मोफत असलेली शाळा. या भेदाला महत्त्व आहे. तिथल्या राज्यघटनेतले नागरिकांचे हक्क हे सरकारला घातलेले लगाम आहेत. खासगी शाळेला ते तसे लागत नाहीत. सरकारी शाळेतला मास्तर हा मात्र सरकारचा माणूस, म्हणून त्यालाही तो लगाम आहे.

आता ती केस. एडिसनला लागूनच पिस्कॅटवे नावाचे गाव आहे. तिथल्या हायस्कुलात १९८० सालच्या मार्चमध्ये एका शिक्षिकेला दोन मुली स्वच्छतागृहात सिगारेट ओढताना दिसल्या. शाळेत त्या जागी धूम्रपानाला मनाई होती. एकीने कबुली दिली. दुसरी चौदा वर्षांची होती. ती म्हणाली, मी सिगारेट ओढतच नाही. उपमुख्याध्यापकांनी तिची पर्स मागितली आणि उघडली. वरच सिगारेटचे पाकीट होते. ते उचलताच खाली सिगारेट वळायचे कागद दिसले. मग त्यांनी पर्स तळापर्यंत उपसली. थोडा गांजा, एक चिलीम, एकेक डॉलरच्या बऱ्याच नोटा, पैसे येणे असलेल्या विद्यार्थ्यांची यादी आणि दोन पत्रे, असा ऐवज निघाला. प्रकरण बालन्यायालयात गेले आणि तिथून चढत चढत वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. मुलगी अल्पवयीन, म्हणून निकालपत्रात तिची फक्त आद्याक्षरे आहेत : टी. एल. ओ.

शाळेच्या बाजूने एक युक्तिवाद असा होता की, शिक्षक हे आईबापांच्या जागी असतात. आईने मुलीची पर्स तपासली तर तिला कोण जाब विचारतो? वाचकहो, हे ऐकून मी मान डोलावली. आपण तर हेच म्हणत आलो. पण न्यायालयाने ते मानले नाही. १५ जानेवारी १९८५ च्या निकालात न्यायमूर्ती व्हाइट यांनी सांगितले की, मुलाची झडती घेणारा शाळेचा अधिकारी राज्यसत्तेचा प्रतिनिधी असतो. अवाजवी झडतीपासून नागरिकाला संरक्षण देणारी घटनेची चौथी दुरुस्ती १७९१ पासून आहे. ती शाळेतल्या मुलांनाही लागू आहे.

मात्र शाळेत शिस्तही हवी. म्हणून पोलिसांप्रमाणे वॉरंट आणण्याची गरज नाही, असे न्यायालय म्हणाले. त्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत. पहिला, झडती सुरू करायला सयुक्तिक संशय होता का? दुसरा, जे शोधायचे होते तेवढ्यापुरतीच झडती घेतली का, की मुलीचे वय आणि अपराधाचे स्वरूप न पाहता मर्यादा ओलांडली? या कसोटीवर पिस्कॅटवेची झडती रास्त ठरली. सहा न्यायमूर्ती एकीकडे, तीन दुसरीकडे. म्हणजे मुलगी खटला हरली. पण हरता हरता देशातल्या सगळ्या मुलांसाठी ते दोन प्रश्न मिळवून गेली.

नात बोलत होती आणि मी मनाने पुण्यात, १९७८ सालात जाऊन पोहोचले होते.

मी तेव्हा मुलींच्या एका शाळेत आठवीची वर्गशिक्षिका होते. दिवाळीच्या सुटीला आठवडा राहिला होता. भूमितीच्या तासाला एका मुलीची कंपासपेटी सापडेना. नवी कोरी, वडिलांनी मुंबईहून आणलेली. ती रडू लागली. मी दार लावले आणि फर्मावले, "सगळ्यांनी दप्तरं बाकावर पालथी करा!" बेचाळीस दप्तरे पालथी झाली. मी एकेक बाक बघत चालले. तिसऱ्या रांगेत एक शांत, अभ्यासू मुलगी होती. तिच्या वह्यांमध्ये एक पाकीट होते आणि त्यावर ती हात दाबून बसली होती. हात दाबून बसली म्हणजे काहीतरी लपवते, एवढे मला पुरे झाले. मी तिचा हात बाजूला केला, पाकीट उघडले आणि पत्राच्या पहिल्या ओळी वाचल्या. मोठ्याने नाही वाचल्या. पण शेजारच्या दोघी माझ्या कोपराखालून वाचतच होत्या. पत्र मिरजेच्या सॅनिटोरियममधून वडिलांनी लिहिलेले होते.

मधल्या सुटीपर्यंत साऱ्या वर्गाला कळले की, हिच्या वडिलांना क्षय झाला आहे. क्षयावर औषधे येऊन तेव्हा कितीतरी वर्षे लोटली होती, पण लोकांच्या मनातली भीती गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिच्या बाकावर तिच्याशेजारी कोणी बसले नाही. तिच्या डब्यातले कोणी घेतले नाही. मी वर्गाला चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. त्यांचा व्हायचा तेवढाच उपयोग झाला. आणि कंपासपेटी? ती मुलगी सकाळी हसत आली, "बाई, घरीच राहिली होती टेबलावर."

सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा तिसऱ्या रांगेतली ती जागा रिकामी होती. तिच्या आईने शाळा सोडल्याचा दाखला नेला, असे कचेरीतून कळले.

एडिसनच्या त्या खोलीत बसून मी ते दोन प्रश्न स्वतःला लावले. संशय होता का? होता, पण कोणावर? बेचाळीस मुलींवर! म्हणजे कोणावरच नाही. आणि दुसरा प्रश्न तर माझ्या छातीवर धोंड्यासारखा बसला. मी शोधत होते पत्र्याची कंपासपेटी. ती पत्राच्या पाकिटात कशी मावेल? मग पाकीट मी का उघडले? याला माझ्याजवळ एकच उत्तर आहे : उघडता येत होते म्हणून. चोरी सापडली नाही. एका पोरीने जिवापाड जपलेले गुपित तेवढे मी चव्हाट्यावर आणले.

अमेरिकेत सारे आलबेल आहे असे कोणी समजू नये. ॲरिझोना राज्यात २००३ साली एका तेरा वर्षांच्या मुलीजवळ वेदनाशामक गोळ्या असल्याच्या संशयावरून शाळेत अंगावरचे कपडे उतरवून तिची झडती झाली. गोळ्या निघाल्या नाहीत. ही झडती घटनाबाह्य होती हे सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घ्यायला २००९ साल उजाडले. खेळाडू विद्यार्थ्यांची मादक द्रव्यांसाठी सरसकट लघवी तपासणे याच न्यायालयाने १९९५ साली योग्य ठरवले. पण तिथे मुले प्रश्न विचारतात. १९६५ साली आयोवा राज्यात काही मुले व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली आणि घरी पाठवली गेली. १९६९ साली त्यांच्या बाजूने निकाल लागला. शाळेच्या फाटकाशी मूल आपले हक्क उतरवून ठेवत नाही, असे तेव्हा न्यायालयाने बजावले.

आपणही अगदीच मागे नाही. केरळात १९८५ साली तीन भावंडांना शाळेतून काढले होते. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. त्या निकालात अमेरिकेतल्या १९४३ च्या ध्वजवंदनाच्या खटल्याचाही विचार केलेला आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने मुलांना मारणेच नव्हे, त्यांचा मानसिक छळ करणेही निषिद्ध ठरवले. आणि २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पण कायदा दिल्लीहून वर्गाच्या तिसऱ्या रांगेपर्यंत यायला वेळ लागतो. मध्ये आमच्यासारख्या बाई उभ्या असतात.

मी नातीला हे सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मी विचारले, "काय गं, मग सकाळी मी तुझी घटना मोडली म्हणायची?"

ती हसली. "नाही गं आजी. तू सरकार थोडीच आहेस? घरात चौथी दुरुस्ती लागत नाही. पण विचारायला काय हरकत आहे?"

खरेच, काय हरकत आहे? यंदाच्या सुटीत तुमच्याही घरी दप्तरे कोपऱ्यात पडलेली असतील; कपाटात डायऱ्या असतील, टेबलावर फोन असतील. काळजीपोटी कधी हात घालावाही लागेल. मी आई आहे, आजी आहे, मला ते कळते. मात्र त्याआधी क्षणभर थांबून ते दोन प्रश्न स्वतःला विचारावेत : मला नेमका कसला संशय आहे, आणि मी जे शोधते आहे ते या पाकिटात मावेल का?

ती तिसऱ्या रांगेतली मुलगी आज साठीकडे आली असेल. तिची क्षमा मागायची राहून गेली आहे. हा अंक तिच्या हाती पडलाच तर तिला एवढेच सांगायचे आहे की, बाईंना त्या पाकिटाची आठवण आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा हातात घेऊन जिन्याशी उभी राहिले आणि विचारले, "ठेवू का गं?"

"ठेव ना, आजी," ती म्हणाली आणि दप्तर तिने स्वतःच उघडून माझ्यापुढे धरले.