आधी कागद, मग कायोटी

टेक्सासच्या हिल कंट्रीत वसंताच्या तोंडाशी शेळ्या विऊ लागतात आणि बंदुकांच्या दुकानांत एकच चर्चा सुरू होते: कायोटीसाठी चोक कुठला आणि काडतूस कुठलं? मी या भागात राहतो. शेळ्या-मेंढ्यांवर घर चालवणारी माणसं माझे शेजारी आहेत आणि त्यांच्यासाठी हा प्रश्न हौसेचा नाही. कायोटी आपल्या कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून लहान. मोठ्या शेळीचा तो गळा धरतो. करडू असेल तर उचलूनच नेतो, मागे रक्ताचा ठिपकाही सापडत नाही. सकाळी कास तटतटलेली शेळी ओरडत कुंपणाच्या कडेने फिरताना दिसते, तेव्हा काय झालं ते कळतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याला मारायचंच आहे, त्याने ते जागच्या जागी मारावं. पोटात दोन छर्रे घेऊन झुडपात शिरलेलं जनावर दिवसचे दिवस तडफडतं. ते होऊ नये याची तजवीज बंदूक खांद्याला लावण्याच्या कितीतरी आधी करावी लागते आणि नेमकी तीच करायचा लोक कंटाळा करतात.

छर्ऱ्यांची बंदूक इथे का लागते, तेही सांगतो. इथली झाडी जुनिपरची आणि मेस्किटची, दाट. सशाच्या किंकाळीसारखा आवाज काढणारी शिट्टी वाजवली की कायोटी वाऱ्याखालून वळसा घेतो आणि एकदम वीस-तीस पावलांवर उगवतो, तोही पळता. रायफलच्या दुर्बिणीत त्याला शोधेपर्यंत तो पसार झालेला असतो. शिवाय रायफलची गोळी कुठच्या कुठे जाते. पलीकडे कुणाचं घर, कुणाची गुरं असतात.

आता चोक. बंदूक बारा बोअरची धरू. बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात बसेल तेवढी नळी, व्यास साधारण 18.5 मिलिमीटर. तोंडाशी ही नळी किंचित आवळली की छर्रे जरा जास्त वेळ एकत्र राहतात. हे आवळणं म्हणजेच चोक. पाव मिलिमीटर आवळली तर इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, अर्धा मिलिमीटर तर मॉडिफाइड, मिलिमीटरभर तर फुल. इंग्लंडमध्ये पेप नावाच्या बंदूक-कारागिराने 1866 साली याचं पेटंट घेतलं, अमेरिकेत इलिनॉयचा बदकशिकारी फ्रेड किंबल याचं नाव घेतात, आणि बर्मिंगहॅमच्या ग्रीनर या बंदूक-कारागिराने 1874-75च्या सुमारास ही कला पक्की बसवली. परीक्षेची रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. चाळीस यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरवर, कागद लावायचा. बार काढून तीस इंची वर्तुळात किती छर्रे आले ते मोजायचं. फुल चोकने शंभरातले सत्तर, मॉडिफाइडने साठ, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरने पन्नास आणि साध्या नळीने चाळीस यावेत, असा ठोकताळा.

खरी गोम आहे ती छर्ऱ्याच्या आकाराशी मेळ घालण्यात. ‘डबल ऑट’ नावाचा टपोरा छर्रा 8.4 मिलिमीटरचा. पोलिसांच्या बंदुकीतला, म्हणून त्याचा दबदबा मोठा. पण पावणेतीन इंची नेहमीच्या काडतुसात तो मावतो फक्त नऊ नग. कायोटीच्या काळीज-फुफ्फुसाची जागा आठ इंची वर्तुळाएवढी धरा. तीस इंची वर्तुळाचा तो चौदावा हिस्सा. नऊच्या नऊ छर्रे मोठ्या वर्तुळात सारखे पसरले तरी मर्माच्या जागेत एकही हमखास येत नाही! ‘चार नंबर बक’ घेतला, सहा मिलिमीटरचा, तर त्याच काडतुसात सत्तावीस येतात आणि तीन इंची मॅग्नममध्ये एकेचाळीस. फुल चोकमधून त्या एकेचाळीसातले सत्तर टक्के वर्तुळात आले तर मर्मावर दोन. मधोमध दाटी जास्त असते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे अधिक. तरीही चाळीस यार्डांवर हे गणित काठावरचंच आहे. मला विचाराल तर कायोटीसाठी डबल ऑटपेक्षा चार नंबर बक केव्हाही बरा, आणि अंतर तीस यार्डांच्या आत.

बरं, जितका चोक घट्ट तितका बार एकवटलेला, हेही टपोऱ्या छर्ऱ्यांच्या बाबतीत खरं ठरेल असं नाही. शिशाचे मोठे दाणे अरुंद तोंडातून एकमेकांना घासत, चेपत बाहेर पडतात आणि चेपलेला दाणा सरळ जात नाही. म्हणून चांगल्या काडतुसात दाण्यांच्या फटींमध्ये प्लास्टिकचा भुगा भरलेला असतो, दाण्यांवर तांब्याचा मुलामा असतो.

शेजारच्या शेळीवाल्याकडे मी हे डोळ्यांनी पाहिलं. त्याने खोक्याच्या पुठ्ठ्यावर तपकिरी कागद ताणून बसवला, सुतळीला पेन्सिल बांधून तीस इंची वर्तुळ काढलं आणि मध्ये आठ इंची दुसरं. त्याच्याकडे जाहिरातीला भुलून घेतलेली, फुलपेक्षाही घट्ट अशी, बंदुकीच्या तोंडाशी आट्यांवर बसणारी चोकनळी होती. बार झाला. कागदाजवळ जाऊन तो एकेक भोक लाल पेनाने गोल करत गेला. खाली डावीकडे सात-आठ भोकांचा झुबका, वर उजवीकडे तीन उंडारलेली आणि आठ इंची वर्तुळात तळहात मावेल एवढी कोरी जागा. बंदूक रिकामी करून, उघडी ठेवून, पान्याने त्याने ती चोकनळी काढली आणि साधी मॉडिफाइड बसवली. काडतूस तेच, अंतर तेच. या वेळी कोरी जागा भरली. मग कागद तीस यार्डांवर आणला, तर मधलं वर्तुळ नुसतं चाळण झालं. आपल्या नेहमीच्या बैठकीपासून तीस यार्ड मोजून त्याने मेस्किटच्या फांदीला नारिंगी फीत बांधली. फितीपलीकडे बार काढायचा नाही, हे त्याने तिथेच ठरवून टाकलं.

त्याच्या बंदुकीला जमलं ते तुमच्या बंदुकीला जमेल, असं मात्र धरून चालू नका. एकाच कारखान्याच्या एकाच नमुन्याच्या दोन बंदुका वेगवेगळा बार काढतात. काडतुसाची कंपनी बदलली तरी कागद पुन्हा लावावा लागतो.

शिशाचा प्रश्न मला जास्त अस्वस्थ करतो. रानात टाकून दिलेल्या मढ्यावर गरुड-गिधाडं उतरतात आणि शिशाचे कण त्यांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडं याच विषाने मरत होती. तिथे 1 जुलै 2019पासून शिकारीत शिशाचा दारूगोळा पूर्ण बंद आहे. पाणपक्ष्यांपुरती बंदी तर देशभर 1991पासून आहे. शिशाऐवजी वापरायचा पोलादी छर्रा पुष्कळ हलका, त्यामुळे त्याचा जोर लवकर सरतो. शिवाय तो चेपत नाही, म्हणून मोठा पोलादी दाणा फार घट्ट चोकमधून काढला तर नळीलाच इजा होऊ शकते. टंगस्टनचे मिश्रधातू शिशाहूनही जड, काम उत्तम करतात, पण एकेका काडतुसाची किंमत ऐकून शेळीवाला गप्प होतो. तरी ज्याला परवडतं, त्याने तेच घ्यावं.

बंदुकीने कायोटी संपत नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकी सरकारने 1931च्या कायद्याने त्याच्या मागे पैसा आणि माणसं लावली, विषं घातली, सापळे लावले. आज तो हवाई सोडून प्रत्येक राज्यात आहे. कळप खऱ्या अर्थाने राखतात ते ग्रेट पिरनीज जातीचे पांढरे दांडगे कुत्रे, राखणीची गाढवं आणि रात्रीचा पक्का गोठा. जास्त कायोटी मारणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या स्पर्धा तर मला मुळीच मान्य नाहीत. कॅलिफोर्नियाने 2014मध्ये अशा बक्षिसांवर बंदी घातली, ते योग्यच झालं.

कोकणातल्या वाचकांना शेतीसंरक्षणाची बंदूक ठाऊक आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि परत मिळेपर्यंत रानडुकरं आपलं काम करून जातात. टपोऱ्या छर्ऱ्याचं काडतूस एलजी घ्यावं की एसजी, ही तिथली चर्चा हिल कंट्रीतल्या चर्चेहून वेगळी नाही. कायदा मात्र पूर्ण वेगळा आहे. 1972च्या कायद्यानुसार आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते, आणि कोल्हा, लांडगा किंवा बिबट्या यांच्यावर बार काढणं हा गुन्हा आहे. पण परवानगी हातात असेल, तर कागद लावून बार पाहायची रीत तिथेही तितकीच लागू आहे.

शेवटी एक कामाची गोष्ट. बार झाल्यावर बंदूक खाली घेऊ नका. जनावर पडलं तरी दुसरं काडतूस तयार ठेवा, ते उठलं तर लगेच दुसरा बार काढा. झाडीत शिरलंच, तर ते शेवटचं कुठे दिसलं ते झाड नीट लक्षात ठेवा, जागच्या जागी थोडं थांबा, मग माग काढत जा आणि ते मिळेपर्यंत घरी परतू नका.