तबकडीच्या दोन बाजू

एल्विस प्रेस्ली म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक चित्र उभं राहतं. मागे वळवलेले चकचकीत केस, उंच कॉलरचा पांढरा पोशाख आणि थरथरणारे गुडघे. गाणं मात्र क्वचितच आठवतं. २०२२ साली त्याच्यावरचा बाझ लुहरमनचा चित्रपट आला आणि महाविद्यालयातल्या पोरांना हे नाव नव्याने कळलं. मी एल्विसचा जुना भक्त, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे एकाने सरळच विचारलं, "सर, पण त्याने काळ्या लोकांचं संगीत चोरलं म्हणतात, ते खरं का?"

प्रश्न रास्त आहे. भक्ताने तो टाळू नये. पण त्याचं उत्तर द्यायला मी चित्रपटापासून सुरुवात करत नाही, एल्विसच्या पहिल्या तबकडीपासून करतो.

१९५४ चा जुलै महिना. अमेरिकेच्या दक्षिणेतलं मेम्फिस शहर. तिथे सॅम फिलिप्स नावाच्या माणसाचा 'सन' नावाचा छोटासा स्टुडिओ होता. एल्विस तेव्हा एकोणीस वर्षांचा, एका विजेच्या सामानाच्या कंपनीत ट्रक चालवणारा. जन्म मिसिसिपी राज्यातल्या टुपेलोचा, दोन खोल्यांच्या घरातला. जुळा भाऊ जन्मतःच गेलेला, घरात पैशाची कायम ओढाताण. त्या रात्री स्टुडिओत गिटारवर स्कॉटी मूर, मोठ्या उभ्या बेसवर बिल ब्लॅक आणि गायला हा. ढोल नाही, ड्रम नाही. संथ भावगीतासारखी गाणी गाऊन झाली, पण एकही जमेना. मध्ये विश्रांती घेतली तेव्हा एल्विसने नुसती गंमत म्हणून 'दॅट्स ऑल राइट' हे गाणं गिटार बडवत, उड्या मारत सुरू केलं. बाकीचे दोघे त्यात सामील झाले. फिलिप्सने आतल्या खोलीतून डोकं बाहेर काढून विचारलं, हे काय चाललंय? आणि पुन्हा पहिल्यापासून घ्यायला सांगितलं.

हे गाणं आर्थर क्रडप या काळ्या ब्लूज गायकाचं. त्याने ते १९४६ साली ध्वनिमुद्रित केलं होतं. आता तबकडीला दुसरी बाजू लागतेच. त्या बाजूला काही दिवसांनी जे गाणं भरलं ते 'ब्लू मून ऑफ केंटकी', बिल मनरो या गोऱ्या गायकाचं. डोंगराळ भागातल्या गोऱ्या लोकांच्या संगीतातलं, तीन मात्रांवर हळूहळू झुलणारं. एल्विस आणि मंडळींनी त्याला चार मात्रांवर पळवलं. आपल्या भजनी मंडळाच्या भाषेत सांगायचं तर दादऱ्याचा केरवा केला. स्वतः मनरोला हा प्रकार इतका पटला, की त्याच वर्षी त्याने आपलं गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. सुरुवात जुन्या झुल्यात आणि पुढचा भाग एल्विसच्या पळत्या लयीत!

म्हणजे एका बाजूला काळ्यांचं गाणं, दुसऱ्या बाजूला गोऱ्यांचं, आणि दोन्ही बाजूंना गाणारा एकच पोरगा. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण तेव्हा त्या भागात शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, रेडिओवरचे कार्यक्रम वेगळे होते. मेम्फिसच्या रेडिओवर ड्युई फिलिप्सने ही तबकडी वाजवली आणि फोन थांबेनात, तेव्हा एल्विसला स्टुडिओत बोलावून घेतलं. निवेदकाने त्याला विचारलं, तू कोणत्या शाळेत शिकलास? 'ह्यूम्स' हे नाव ऐकताच श्रोत्यांना कळलं, गाणारा गोरा आहे. कारण त्या शाळेत फक्त गोरी मुलंच जात. आवाजावरून जात ओळखता येत नव्हती, म्हणून शाळेचं नाव विचारावं लागलं!

आपल्या भागातल्या माणसाला हे चटकन समजावं. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि त्यांच्या संगीत नाटकांतल्या कितीतरी पदांना कानडी चाली आहेत. त्या चाली कुणाच्या, हा वाद घालत कुणी 'सौभद्र' ऐकत नाही. दोन भाषा एकाच घरात नांदतात तिथे गाणंही उंबरठा ओलांडतं. टुपेलो आणि मेम्फिसमध्ये गरीब गोऱ्यांची आणि काळ्यांची वस्ती जवळजवळ होती. एल्विसने ब्लूज आणि चर्चमधली भक्तिगीतं पुस्तकातून शिकली नाहीत, आसपास ऐकून शिकला.

तरीही त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर राहतंच. ते पैशाचं. एल्विसचा करार १९५५ साली आरसीए कंपनीने पस्तीस हजार डॉलर मोजून विकत घेतला. ती त्या काळी मोठी रक्कम होती. आर्थर क्रडप मात्र १९७४ साली वारला, तोवर त्याला आपल्या गाण्यांचे हक्काचे पैसे मिळाले नाहीत. 'हाउंड डॉग' हे गाणं आधी बिग मामा थॉर्नटन या जबरदस्त काळ्या गायिकेने गायलं होतं, नाव मात्र झालं एल्विसचं. हा अन्याय आहे आणि तो अन्याय म्हणूनच सांगायला हवा. एल्विसच्या बाजूने एवढं नक्की म्हणता येईल, की त्याने ऋण लपवलं नाही. १९५६ मध्ये, प्रसिद्धीच्या ऐन शिखरावर असताना, दक्षिणेतल्याच एका वर्तमानपत्राशी बोलताना त्याने सांगितलं, की काळी माणसं हे संगीत कित्येक वर्षं असंच गात-वाजवत आली आहेत. क्रडपचं नावही घेतलं. बुडवलं ते करार करणाऱ्यांनी. गाणाऱ्याला चोर म्हणणं मला पटत नाही.

(चोरीचाच हिशेब मांडायचा तर आपणही सुटत नाही. १९६८ च्या 'झुक गया आसमान'मध्ये राजेंद्र कुमारच्या तोंडी रफीसाहेबांचं जे गाजलेलं गाणं आहे, त्याची चाल एल्विसच्या 'फन इन अकापुल्को' या १९६३ च्या चित्रपटातल्या 'मार्गारिटा'ची. त्या चालीचा कर्ता डॉन रॉबर्टसन. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय?)

आता चित्रपटांकडे वळू. इथे माझ्यातला भक्त जरा गप्प होतो. १९५६ ते १९६९ या काळात एल्विसने एकतीस कथापट केले. आपल्या घरांत डॉ. राजकुमारांचे चित्रपट पाहिलेल्यांना गाणारा नट म्हणजे काय, हे सांगायला नको. अण्णावरू गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीतून आलेले. तरी पडद्यावर बरीच वर्षं त्यांच्यासाठी पी. बी. श्रीनिवास गायले, आणि १९७४ च्या 'संपत्तिगे सवाल'पासून ते स्वतःच गाऊ लागले. एल्विसचं उलटं. गाणं आधीच मुठीत होतं, त्याला व्हायचं होतं नट. मार्लन ब्रँडो आणि जेम्स डीन हे त्याचे आदर्श. आणि सुरुवातीला तसं होईल अशी लक्षणंही दिसत होती.

'जेलहाउस रॉक' (१९५७) मधला तुरुंगातला नाच सगळ्यांनी पाहिलेला असतो. नृत्य बसवणाऱ्या अ‍ॅलेक्स रोमेरोने एल्विसच्याच अंगातल्या हालचाली पाहून तो बेतला. पण मी कुणालाही आधी 'किंग क्रिओल' (१९५८) पाहायला सांगेन. दिग्दर्शक मायकेल कर्टीझ, म्हणजे 'कॅसाब्लांका'वाला. लष्करात भरती व्हायचं पत्र एल्विसच्या हाती पडलेलं, आणि या चित्रपटासाठी साठ दिवसांची मुदत मागून घेतलेली. सुरुवातीलाच न्यू ऑर्लिन्सच्या गल्लीतली सकाळ दिसते. लहान शेवंडीसारखे दिसणारे गोड्या पाण्यातले क्रॉफिश विकणारी बाई ओरडत, गात येते, आणि वर गॅलरीतून एल्विस तिच्या हाळीला सुरात उत्तर देतो. भाजीवालीची हाळी ऐकत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला ते दृश्य पाहताना काय वाटेल, हे सांगायची गरज नाही. त्यात तो नाचत नाही, गुडघे हलवत नाही. नुसता उभा राहून गातो, आणि पुरेसं होतं.

लष्करातून १९६० मध्ये परतल्यावर डॉन सीगलचा 'फ्लेमिंग स्टार' आला. त्यात एल्विसचा बाप गोरा आणि आई कायोवा या मूळ अमेरिकन जमातीची. दोन्हीकडचे लोक त्याला म्हणतात, तू आमचा की त्यांचा, ते एकदा ठरव. गाणी फक्त दोन. माझ्या मते अभिनयात त्याने याहून चांगलं काही केलं नाही. पण हा चित्रपट बेताचाच चालला आणि पुढच्या वर्षीचा 'ब्लू हवाई' धो धो चालला. त्याच्या गाण्यांचा अल्बम वीस आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. झालं! त्याचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर याने साचा पक्का केला. समुद्रकिनारा, दोन-तीन सुंदर मुली, एक मारामारी, दहा-बारा गाणी, आणि वर्षाला असे तीन चित्रपट.

गाणी पडली कशी, याचं कारणही व्यवहारातच आहे. हक्कांतला वाटा एल्विसच्या प्रकाशन कंपनीला देतील, अशाच गीतकारांची गाणी त्याच्यापुढे यायची. स्वाभिमानी गीतकार लांब राहिले. मग काय, छोट्या मोटारीत नाचायला जागा नाही यावर गाणं, कोळंबीवर गाणं, आणि १९६७ च्या एका चित्रपटात तर चक्क योगासनांवर गाणं! योगदिनाला कुणी ते लावू नये, ही विनंती. 'ब्लू हवाई'त नायिकेच्या आजीला वाढदिवसाची भेट म्हणून संगीतपेटी देऊन तो एका जुन्या फ्रेंच चालीवरचं प्रेमगीत गातो, ते मात्र सोन्यासारखं. चिखलात असे मोती सापडतात, म्हणूनच चाहते हे चित्रपट अजून पाहत बसतात.

१९६१ नंतर सात वर्षं तो प्रेक्षकांसमोर उभा राहिला नव्हता. १९६८ साली दूरचित्रवाणीसाठी एक कार्यक्रम ठरला. कर्नलला नाताळची गाणी हवी होती, दिग्दर्शक स्टीव्ह बाइंडरला खरा एल्विस. या खेपेला एल्विसने दिग्दर्शकाचं ऐकलं. काळ्या कातडी पोशाखात तो छोट्या चौथऱ्यावर बसला, सभोवती प्रेक्षक, शेजारी जुना स्कॉटी मूर, आणि ड्रमऐवजी गिटारच्या पेटीवर ठेका धरणारा डी. जे. फाँटाना. बिल ब्लॅक तोवर वारला होता. सुरुवातीला एल्विसचा हात कापताना दिसतो. मग गळा उघडतो आणि चौदा वर्षांपूर्वीचा तो ट्रक चालवणारा पोरगा समोर बसलेला असतो.

त्याच जोरावर १९६९ च्या आरंभी तो मेम्फिसमध्येच चिप्स मोमनच्या स्टुडिओत गेला. तिथे 'इन द गेटो' झालं, 'सस्पिशस माइंड्स' झालं. कर्नलच्या माणसांनी हक्कांतला वाटा मागितला तेव्हा मोमनने साफ नकार दिला. दहा वर्षांत कुणीतरी नाही म्हणालं! 'सस्पिशस माइंड्स' शेवटी विरत जातं, संपलं असं वाटतं, आणि पुन्हा उसळून येतं. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं त्याचं हे शेवटचं गाणं.

गंमत म्हणजे त्याला स्पर्धेत मिळालेली तिन्ही ग्रॅमी पारितोषिकं रॉक अँड रोलची नाहीत, भक्तिसंगीताची आहेत. लहानपणी आईबरोबर चर्चमध्ये ऐकलेलं गाणं शेवटपर्यंत त्याच्या गळ्यात राहिलं. ज्यांना रॉकचा गोंगाट सोसत नाही, अशा घरातल्या वडीलधाऱ्यांनी 'हाउ ग्रेट दाउ आर्ट'पासून सुरुवात करावी.

आणि धीर असेल तर एक चित्रफीत पाहावी. २१ जून १९७७, रॅपिड सिटी. आठ आठवड्यांनी, १६ ऑगस्टला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तो जाणार होता. चेहरा सुजलेला, अंग घामाने थबथबलेलं, हालचाल जड. तो स्वतः पियानोवर बसतो आणि 'अनचेन्ड मेलडी' गायला घेतो. हात पियानोवर गुंतलेले, म्हणून चार्ली हॉज हा त्याचा जुना साथीदार शेजारी उभा राहून ध्वनिक्षेपक त्याच्या तोंडाशी धरतो. वरच्या सुरावर आवाज एकदाही डगमगत नाही. गाणं संपल्यावर तो प्रेक्षकांकडे पाहून हसतो, अगदी पोरासारखा.